आप्पांची न हलणारी बॅटरी

निवृत्तीआप्पा साळवे माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ माझ्या शिलाई मशीनला दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते गदागदा हलवलं. मी ट्रॅक्टरच्या सीटचं रेक्झिन शिवत होतो. सुई कटकन तुटली.

"हलतंय की मास्तर हे," आप्पा म्हणाले.

"तुम्ही हलवल्यावर हलणारच की!"

"मग बसवलंय कशाला? हललं की गेलं."

दौंडात माझं कुशन-हूडचं दुकान. रिक्षा, जीप, ट्रॅक्टर, ज्याला म्हणून बूड टेकायला सीट लागते त्याचा मी दर्जी. नाव बशीर, पण सगळे मास्तर म्हणतात. तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण सुई मोडून वर मलाच शहाणपण शिकवणारा हा पहिलाच. मी चांगला तापलो होतो. दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ रबराचे चार तुकडे आणि बोल्ट घेऊन हजर. मला बाजूला सारून त्यांनी मशीन फरशीत आवळून टाकलं. पुढं मी दुकान रंगवलं, फरशी बदलली, पण मशीनच्या खालची फरशी काही बदलता आली नाही. ते निघतच नाही.

आप्पा रेल्वेत. डब्यातले दिवे-पंखे ज्यावर चालतात त्या बॅटऱ्या सांभाळायचं त्यांचं काम. त्या बॅटऱ्या डब्याच्या पोटाखाली लोखंडी पेट्यांमध्ये टांगलेल्या असतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्याआधी मी आपला समजत होतो की इंजिनातून वायर येत असेल. माणूस अंगानं काटक, रंगानं सावळा, आणि शर्टाला पोटापाशी चाळणीसारखी बारीक बारीक भोकं. अॅसिडचे थेंब उडून पडलेली. नवा शर्ट घातला तरी आठ दिवसांत त्याचं तेच. त्यांची बायको, सुमनवहिनी, म्हणायच्या, "यांना कापड नको, पत्रा शिवा, मास्तर."

त्यांच्या त्या हलवण्याच्या खोडीनं लोक वैतागायचे. कुणाच्या घरी गेले की आधी खुर्ची हलवणार, मग बसणार. नळाला हात लावणार, जिन्याचा कठडा ढकलणार. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी मांडवाचा खांब हलवला आणि तो ट्यूबलाईटसकट आडवा झाला, नवरदेवाच्या मामाच्या अंगावर. खांब मुळातच सैल होता असं आप्पा म्हणायचे. चांगला रोवलेला होता, यांनीच उपटला, असं मांडववाला अजून म्हणतो. खरं-खोटं देव जाणे. मामांना मात्र जेवायला खुर्चीवर बसवावं लागलं.

पण ही खोड कुठून आली ते एकदा चहा पिता पिता त्यांनी सांगितलं. त्यांचा एक जोडीदार होता. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचं टर्मिनल सैल होतं, ते तो वाकून हातानं दाबायला गेला. ठिणगी पडली, बॅटरीतून निघालेल्या गॅसनं पेट घेतला, बॅटरी फुटली आणि अॅसिड तोंडावर. आप्पांनीच त्याला ओढत नेऊन नळाखाली धरलं. एक डोळा गेला.

"कायबी न्हवतं वो," आप्पा म्हणाले. "नुस्तं हलत व्हतं. येवढं येवढं." त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. मग कप ठेवायच्या आधी माझं स्टूल हलवून बघितलं.

आप्पांच्या नोकरीत एक गंमत होती. रेल्वेचा पास होता, नवरा-बायको पार कन्याकुमारीपर्यंत फुकटात जाऊ शकत होते. आणि सुमनवहिनींचं माहेर कुठं? तर शिरूर! जिथं रेल्वेच जात नाही. दौंडाहून पाटस, चौफुला, न्हावरा असं एसटीनं बदलत बदलत जायचं. वहिनी हसून सांगायच्या, "रेल्वेवाला नवरा केला आन् जल्मभर एसटीत हुभी ऱ्हायले." महिन्या-दोन महिन्यांनी त्या जायच्याच. त्यांची आई तिथं घोडनदीच्या काठच्या वस्तीत, भावाकडं. शिरूरला जुनी माणसं घोडनदीच म्हणतात, वहिनीही म्हणायच्या.

मग वहिनींना लकवा झाला. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, पण तुटक. एकेक शब्द शोधून काढावा लागायचा. डावा हात तेवढा शाबूत. बरं वाटल्यावर आप्पांनी जीप केली आणि त्यांना माहेरी न्यायला काढलं. जीप उंच. ड्रायव्हर आणि त्याचा माणूस दोघांनी मिळून वहिनींना उचललं, जसं पोतं उचलतात तसं, बगलेत हात घालून. पदर खाली, पायांवरची साडी वर, आणि बघायला अर्धी गल्ली. वहिनींनी डोळे मिटून घेतले. जाऊन आल्या, पण आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आता. परका हात. न्हाई." म्हणजे न्हाईच. डोलीला नाही, स्ट्रेचरला नाही. शिरूरची आई थकलेली, तिला प्रवास झेपत नव्हता. म्हणजे इकडून ही जाणार नाही आणि तिकडून ती येणार नाही. भाऊ येऊन निरोप सांगायचा, "आई रोज इचारती, सुमी कवा येती म्हनून."

आप्पा गप्प बसले असते तर ते आप्पा कसले! त्यांनी गाडी बनवायला घेतली.

हसू नका. घरी, अंगणात, पत्र्याच्या शेडखाली. भंगारातून एक जुनी मोटार आणली, तिचं इंजिन आणि चाकं ठेवली, बाकी सगळं कापून टाकलं. आणि नवा सांगाडा बांधला, कशाच्या मापानं, तर वहिनींच्या खाटेच्या. गाडीचा तळ जमिनीलगत. डाव्या बाजूला कपाटासारखं रुंद दार. दार उघडलं की वहिनींची सीट फिरून बाहेर येणार, खाटेला खाट लावावी तशी, बरोब्बर तेवढ्याच उंचीवर. वहिनींनी डाव्या हातावर जोर देऊन नुसतं सरकायचं. कुणाचा हात नको. माहेरी आईची खाटही तेवढीच उंच होती, हे आप्पांनी भावाला दोरी देऊन मोजून मागवलं होतं. तिथंही खाटेला सीट लावायची आणि मायलेकींनी समोरासमोर बसून बोलायचं, असा बेत. वहिनी दुसरं काही मागत नव्हत्या. आईशी एकदा, तिच्या शेजारी बसून, बोलायचं होतं.

सीटचं काम माझ्याकडं आलं. गाडीला लोकांनी नाव ठेवलं डबा, कारण आप्पांनी ती रेल्वेच्या जुन्या डब्यासारखी तांबडी रंगवली. कागद जुन्या मोटारीचे आणि गाडी भलतीच, पुढं एकदा हवालदारानं अडवलं तर आप्पा त्यालाच म्हणाले, "सायेब, बंपर हलवून बघा." त्यानं हलवला. हलला नाही. त्यानं सोडून दिलं.

सगळं जमलं, अडलं फक्त बॅटरीपाशी. आता सांगा, आयुष्य बॅटऱ्यांत गेलेल्या माणसाचं घोडं अडावं तर बॅटरीपाशीच! पण झालं होतं असं की तळ खाली आणल्यानं आणि पुढचं तोंड आखूड केल्यानं बॅटरीला जागाच उरली नव्हती.

आप्पांनी रेल्वेवाल्यासारखा विचार केला. माणसं वर, बॅटरी खाली. गाडीच्या पोटाखाली लोखंडी पेटी टांगली, चारी बाजूंनी आवळली. मला खाली झोपवून हलवायला लावली. मी लोंबकळलो तरी हलेना. मग आम्ही दोघं चक्कर मारायला पाटसच्या अंगाला निघालो. रस्ता मोकळा, आप्पा खुशीत. एका शाळेपुढं गतिरोधक आला आणि खालून असा आवाज झाला की मला वाटलं धरणीच फाटली. पेटी चेपली, बॅटरी फुटली, अॅसिड रस्त्यावर फसफसायला लागलं. आप्पा खाली उतरून त्या गतिरोधकाकडं बघत उभे राहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "रुळावर हे नसतं वो."

मला हसू आवरेना. ते मात्र हसले नाहीत. सगळा जन्म सपाट रुळावर धावणाऱ्या डब्यांत गेलेला. रस्त्याला उंचवटे असतात हे त्यांना माहीत होतं, पण त्यांच्या हातांना माहीत नव्हतं. घरी वहिनी नवी साडी नेसून बसल्या होत्या. आम्ही बैलगाडीला बांधून डबा ओढत आणला.

मग बॅटरी आत घ्यायची ठरलं. जागा एकच, वहिनींच्या सीटखाली. वहिनी म्हणाल्या, "माझ्या. खाली. नको." त्या घाबरल्या होत्या, आणि त्यांचं काय चुकलं? त्या जोडीदाराच्या डोळ्याची गोष्ट त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकली असणार. आप्पांनी बॅटरी आवळली आणि त्यांची समजूत काढायला सीटवर ज्वारीचं पोतं ठेवलं. माझी सीट, माझ्याच स्प्रिंगा. पोत्याच्या वजनानं कुशन दबलं, स्प्रिंग खाली आली आणि दोन्ही टर्मिनलला टेकली. चर्रर्र! पोत्याच्या बुडातून धूर. आप्पांनी झडप घालून पोतं बाजूला ओढलं, हात भाजून घेतला. वहिनी खाटेवरून हे सगळं बघत होत्या. ज्वारीला जळका वास लागला होता, पण कोंबड्यांनी खाल्ली.

त्यानंतर आप्पा बरेच दिवस गाडीच्या जवळ गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "मास्तर, हजार डब्यांच्या बॅटऱ्या बसवल्या. हितं एक बसंना. काय करावं?" एवढ्या खमक्या माणसाचा आवाज असा पडलेला मी पहिल्यांदा ऐकला. मला त्यांची फार दया आली, आणि दया दाखवली तर ते माझं स्टूल हलवतील म्हणून मी रेक्झिन कापत बसलो.

शेवटी जागा सापडली. ड्रायव्हरच्या मागं, उजव्या कोपऱ्यात. या खेपेला आप्पांनी घाई केली नाही. बॅटरीसाठी सागवानी पेटी, तिला आतून डांबर, म्हणजे अॅसिड सांडलं तरी लाकूड खाणार नाही. वर झाकण. गॅस आत साठू नये म्हणून तळातून बाहेर काढलेली रबरी नळी. टर्मिनलांवर सायकलच्या ट्यूबच्या टोप्या. पेटीखाली लोखंडी अँगलची चौकट, आणि बॅटरीला वरून दाबून धरणारी जाड पट्टी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, गाडीचा सगळा करंट तोडणारा एक खटक्याचा स्विच. तो त्यांनी बसवला वहिनींच्या दाराशी, त्यांच्या डाव्या हाताला.

"वास आला, धूर दिसला, नुस्ती भीती वाटली तरी वर वढ," ते वहिनींना म्हणाले. "मला इचारायचं न्हाई. गाडी जागीच बंद."

वहिनींनी खटका वर ओढला, खाली दाबला. दोनदा, तीनदा. मग म्हणाल्या, "आता बसते." लकव्यानंतर त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. आप्पांना खटका ड्रायव्हरच्या जागेवरून पोचत नव्हता. मी ते दाखवलं तर म्हणाले, "तिला पोचतो ना? मग झालं."

चौकट आणि पट्टीचं वेल्डिंग तेवढं राहिलं होतं. आणि ते करायचं ठरलं त्याच दिवशी सकाळी माझ्या दुकानात शिरूरहून फोन आला. आप्पांकडं फोन नव्हता, निरोप माझ्याकडंच यायचा. वहिनींचा भाऊ बोलत होता. "मास्तर, आईचं काय खरं न्हाई. सुमी आली का, सुमी आली का, येवढंच चाललंय. आजच्या आज आना तिला."

मी दुकान तसंच टाकून पळालो. आप्पांनी ऐकलं आणि वेल्डिंगचं मशीन ओढलं. लाईट नव्हती. वैशाखातलं लोडशेडिंग, कधी येईल त्याचा नेम नाही. मी स्टँडवर जीप बघायला धावलो. वहिनींच्या पाया पडेन, पण जीपमध्ये बसवेन असं ठरवून. लग्नाची दाट तिथी, एक जीप जागेवर नव्हती. परत आलो तर वहिनी सरकून डब्यातल्या सीटवर बसलेल्या, मांडीवर पिशवी. आप्पा हातड्रिलनं अँगलला भोकं पाडत होते, वेल्डिंगऐवजी बोल्ट मारायला. जाड लोखंड आणि हातानं फिरवायचं ड्रिल! घामानं शर्टाची भोकं अंगाला चिकटली होती.

"आप्पा, ट्यूबनं बांधा आन् चला," मी ओरडलो. "सगळी दुनिया ट्यूबनं बांधती!"

"सुटली तर?"

"सुटली तर सुटली! मी मागं बसतो, धरतो."

"तुमचा डोळा जास्तीचा हाय का?" ते म्हणाले. हात थांबला नाही.

वहिनी म्हणाल्या, "माझ्या. मांडीवर. द्या." त्यांनी पिशवी खाली टाकली आणि मांडी थोपटली. "धरते. मी."

आप्पांनी वर बघितलं. त्यांचं तोंड मी विसरू शकत नाही. "सुमन, न्हाई गं," ते म्हणाले. "मागशील ते करतो. येवढं न्हाई." आणि पुन्हा ड्रिल फिरवायला लागले. मी काय करणार? मी अँगल धरून बसलो. ऊन चढत गेलं. वहिनी रस्त्याकडं बघत राहिल्या. शेवटचा बोल्ट आवळून आप्पांनी बॅटरी हलवली, मला हलवायला लावली, आणि आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा मागं कुणाच्या तरी घरात रेडिओ वाजायला लागला. लाईट आली होती.

गाडी छान चालली, हे सांगायलाच हवं. चौफुला गेलं, भीमेचा पूल गेला, न्हावरा गेलं. प्रत्येक गतिरोधकावर आप्पा बैलगाडीच्या चालीनं जायचे. वहिनींचा डावा हात खटक्यावर होता, पण त्यांनी तो एकदाही ओढला नाही.

वस्तीत शिरलो तर अंगणात माणसं. बायकांनी आम्हाला बघून हंबरडा फोडला. आई दुपारीच गेली होती. लेकीसाठी थांबवून ठेवली होती. पांढरी साडी, उशाला मेणबत्त्या, आणि खाली, जमिनीवर.

आप्पांनी डबा थेट जवळ नेला. रुंद दार उघडलं. वहिनींची सीट फिरून बाहेर आली, कुठं अडली नाही की करकरली नाही, आणि खाटेच्या उंचीवर थांबली. खाट तिथं नव्हतीच. मेलेल्या माणसाला खाटेवर कोण ठेवतं? आई खाली, लेक वर. वहिनींनी डावा हात खाली केला, वाकून बघितलं. हात पोचेना. एवढं सगळं मोजणाऱ्या माणसानं हे मोजलं नव्हतं, आणि मोजणार तरी कसं?

मग वहिनींनी माझ्याकडं बघितलं. "बशीरभाऊ," त्या म्हणाल्या. "उतरवा. मला. खाली."

मी आप्पांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. मी एका बाजूनं, भाऊ एका बाजूनं, आम्ही वहिनींना बगलेत हात घालून उचललं. पदर घसरला. त्यांनी डोळे मिटले नाहीत. आईच्या गालावर त्यांनी डावा हात ठेवला आणि तुटक तुटक काय काय बोलत राहिल्या. ते आईसाठी आणलेलं बोलणं होतं. मी तिथून बाजूला झालो.

परत येताना न्हावरा मागं पडल्यावर वहिनींनी आप्पांच्या खांद्याला डावा हात लावला. "हलली न्हाय," त्या म्हणाल्या. "बॅटरी. हलली न्हाय. बरं का."

आप्पांनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मी मागं त्या पेटीला टेकून बसलो होतो. आप्पा की मी, दोघांत कोण बरोबर होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही, आजही कळत नाही. ट्यूबनं बांधून निघालो असतो तर आई भेटली असती. किंवा बॅटरी फुटून वहिनींचं तोंड जळलं असतं. मी वर जाईन तेव्हा अल्लामियाँला पहिलं हेच विचारणार आहे.

पुढं दोन-तीन वर्षांनी वहिनी गेल्या. डबा शेडखालीच राहिला. मी एकदा म्हटलं, आप्पा, बाजारात तरी आणत जा गाडी. तर म्हणाले, "स्विच कोन धरनार?" मी म्हटलं, स्विच तुमच्या बाजूला घ्या. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी विषय बदलला.

आप्पांना शेवटचं बघितलं ते मुलीकडं राहायला जायच्या आधी. मुलगी लांब, तिकडं विदर्भात दिलेली. मी भेटायला गेलो तर आप्पा डब्यात मागं वाकलेले, हातात पाना. बॅटरी कधीच मेली होती. तिला काढून पेटी सोबत न्यायची म्हणत होते. पण बोल्ट निघत नव्हते. बोल्टांनी गंज धरला होता.

"बघा बरं तुम्ही," त्यांनी पाना मला दिला.

मी जोर लावला. पाना सटकला, माझं बोट सोललं. पुन्हा लावला. बोल्ट केसभर फिरला नाही. मी पट्टीला धरून गदागदा हलवलं, त्यांनी माझं मशीन हलवलं होतं तसं. आख्खा डबा हलला, बॅटरी नाही.

आप्पा मागून फिरून डाव्या बाजूला आले. रुंद दार उघडलं, सीट बाहेर फिरवली आणि वहिनींच्या जागेवर बसले. त्यांचा डावा हात खटक्यावर गेला.

"हलतीय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आप्पा."

"न्हाईच हलायची," ते म्हणाले, आणि खटका वर ओढला.